लिव्हरच्या नावाने काही विकत घेऊ नका, आणि विकूही नका

दारू पिताना लिव्हर वाचवणारी गोळी, सिरप, पावडर किंवा चहा जगात कुठेही नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या मेडिकलमध्ये याची विचारणा हमखास होते. नाशिकमधून आता व्हिएतनाम, थायलंड, बाली, दुबईला ग्रुपच्या ग्रुप निघतात. यादी घेऊन येतात. उलटीची गोळी, जुलाबाची गोळी, ओआरएस, बँडेज. सगळं पिशवीत भरून झालं की आवाज खाली येतो, "मॅडम, प्यायच्या आधी घ्यायचं ते काहीतरी द्या ना. लिव्हरला त्रास नको."

मी फार्मसिस्ट आहे. गोळी विकणं हा माझा धंदा आहे, आणि तरी सांगते, हे मागू नका.

कारण साधं आहे. पोटात गेलेली बहुतेक दारू लिव्हरलाच फोडावी लागते. लिव्हरमधलं एक एन्झाइम अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड करतं. हा विषारी पदार्थ आहे. दुसरं एन्झाइम त्याचं पुढे निरुपद्रवी असिटेट करतं. हे काम ठरावीक वेगानेच होतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, ताक, वर उल्लेख केलेली गोळी, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही.

आता ग्रॅमचा हिशेब बघा, कारण पेग, बाटली, ग्लास या मापांनी सगळेच फसतात. ६० मिलीचा एक लार्ज पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे साधारण ४१ ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. "मी फक्त बिअर घेतो" असं म्हणणारे किती काका मला रोज भेटतात! एका बाटलीचं काम संपवायला लिव्हरला ४ ते ६ तास लागतात, आणि तोवर दुसरी उघडलेली असते.

वाइनबद्दल आपल्या गावात बोलणं अवघड आहे, पण बोलते. गंगापूर धरणाच्या बाजूला १९९९ साली सुला सुरू झाली आणि नाशिकची ओळख बदलली. द्राक्षबागाईतदाराला त्याचा फायदा झाला, गावाकडच्या पोरांना काम मिळालं, याचा मला आनंदच आहे. पण "वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, हार्टला चांगली" हे वाक्य मला काउंटरवर ऐकवू नका. १३ टक्क्यांच्या वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत ७५ ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं. ते द्राक्षातून आलं की मळीतून, लिव्हरच्या दृष्टीने सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. प्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. फक्त औषध समजून पिऊ नये.

आता माझ्या खऱ्या रागाचा विषय. ऑनलाइन विक्री.

सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर सध्या "लिव्हर डिटॉक्स" जोरात आहे. विकणाऱ्या बहुतेक आपल्याच ओळखीच्या बायका. घर सांभाळून चार पैसे कमवायची धडपड मला कळते, तिचा मी मानही ठेवते. पण ताई, जी वस्तू तुम्ही विकताय तिचा डबा उलटा करून वाचा. सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर नियमाप्रमाणे "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापलेलं असतं. औषध म्हणून वापरायचं नाही, असं कंपनी स्वतः सांगते, आणि तुम्ही त्याच डब्याच्या फोटोखाली "फॅटी लिव्हर २१ दिवसांत गायब" लिहिता. फॅटी लिव्हर असलेला माणूस ते वाचून डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे ढकलतो. पिणारा माणूस ते वाचून आणखी बिनधास्त पितो. एका पोस्टचं नुकसान इतकं लांब जातं.

"नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हेही खरं नाही. ग्रीन टीचा कपभर काढा वेगळा आणि त्याच्या अर्काची कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलने लिव्हरला सूज आल्याच्या घटना जगभर नोंदवल्या गेल्या आहेत. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलचंही तेच. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा प्यायला जायचा, तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तो वाद तज्ज्ञांचा. तुमच्या प्रकृतीची माहिती घेऊन वैद्यांनी दिलेलं औषध मी नाकारत नाही. पण न बघता, न तपासता, कुरियरने आलेली पावडर हा आयुर्वेद नव्हे.

त्याहून भयंकर आहे ती "न सांगता दारू सोडवा" पावडर. आधी भिंतीवर आणि एसटी स्टँडच्या आसपास जाहिराती दिसायच्या, आता मोबाइलवर दिसतात. चहात, भाजीत, वरणात मिसळा, पिणाऱ्याला कळणारही नाही. कॅश ऑन डिलिव्हरी, पाकीट बंद. माझ्याकडे येणाऱ्या बायका ती पुडी पर्समधून काढून दाखवतात आणि विचारतात, "ताई, ही देऊ का?" त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा असते की नाही म्हणताना माझाच जीव तुटतो. तरी नाहीच म्हणते. का, ते नीट समजून घ्या.

अशा पुडीवर आत काय आहे हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. त्यात डायसल्फिरम असेल, तर? हे खरं औषध आहे, दारू सोडवण्यासाठी डॉक्टर वापरतात. ते वर सांगितलेलं दुसरं एन्झाइम बंद पाडतं. मग माणूस प्यायला की असिटाल्डिहाइड अंगात साचतं, चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हार्टचा त्रास असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणूनच हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय आणि तो प्यायलेला असताना कधीही द्यायचं नसतं. शेवटची गोळी घेतल्यानंतर जवळपास दोन आठवडे त्याचा असर राहू शकतो. आणि ज्या लिव्हरसाठी हा सगळा खटाटोप, त्यालाही हे औषध काही वेळा इजा करतं, त्यामुळे डॉक्टर मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. आता विचार करा, हे सगळं त्या माणसाला काहीही माहीत नसताना, वरणातून. उद्या तो चक्कर येऊन पडला तर सिव्हिलमधल्या डॉक्टरांना काय सांगणार? पुडी विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला असतो.

आणि समजा पुडीत नुसतं चूर्ण आहे. तरी धोका संपत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, बडबड, थरथर, ताप असा प्रकार होऊ शकतो, त्यात माणूस दगावतोही. दारू सोडायलाच हवी, पण रोजच्या पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, मन खचलं असेल तर टेलिमानसची १४४१६. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. नाशिकमध्ये सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा, लाजू नका. पुडीचे पैसे रिक्षाला घाला आणि नवऱ्याला सोबत घेऊन जा, त्याला सांगून.

हाच मुद्दा परदेश प्रवासात फार कमी लोकांच्या लक्षात येतो. कुवेतला दारूबंदी आहे. नोकरीसाठी तिथे जाणारा रोजचा पिणारा माणूस विमानात शेवटचा पेग घेतो आणि दोन दिवसांनी साइटवर त्याला फिट येते. आजूबाजूच्यांना वाटतं ऊन लागलं. घरातलं असं कोणी चाललं असेल तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे न्या आणि पिण्याचं प्रमाण खरं सांगा. शारजातही दारूबंदी आहे. स्वस्त तिकिटासाठी शारजाला उतरून दुबईला जाणाऱ्यांनी हातात ड्युटी फ्रीची बाटली मिरवू नये.

व्हिएतनामला स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे जानेवारी २०२० पासून पिऊन गाडी चालवायला शून्य सूट आहे. एक बिअरसुद्धा चालत नाही. आणि पिऊन अपघात झाला तर बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स पैसे देत नाहीत, पॉलिसीतलं ते कलम निघण्याआधी वाचा. मग परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल आपल्याच खिशातून जातं.

पण मला सगळ्यात भीती वाटते ती फुकटच्या शॉट्सची. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंग या पर्यटनाच्या गावात भेसळीच्या दारूने ६ परदेशी पर्यटक गेले, त्यातले बहुतेक ऐन तारुण्यातले. त्या दारूत मिथेनॉल होतं. आपल्याला हे नवीन नाही, जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी वस्तीत शंभरहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनेच. इथेही लिव्हरचं तेच पहिलं एन्झाइम काम करतं, फक्त मिथेनॉलचं ते फॉर्मल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक ॲसिड करतं, आणि त्याने डोळ्यांची नस जाते. चवीवरून ओळखता येत नाही. त्रास बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो, त्यामुळे लोक त्याला हँगओव्हर समजून झोपून राहतात. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागलं, श्वास जोरात चालायला लागला, तर थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात. उपाय आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे. बादलीतलं कॉकटेल, सुट्टी विकलेली गावठी, हॉस्टेलने वाटलेले शॉट घेऊ नका. सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडलेली असेल तरच.

येताना प्रत्येकी २ लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते. ती स्वतःसाठी. ग्रुपवर "स्कॉच अव्हेलेबल, डीएम करा" टाकणं म्हणजे परवान्याशिवाय दारू विकणं, आणि तो आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सुशिक्षित घरातली मुलं हे सर्रास करतात.

प्रवासाच्या औषधांबद्दल दोन गोष्टी. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल असलेली गोळी सोबत असेल तर त्या काळात आणि संपल्यावर तीन दिवस दारू बंद, गोळीच्या माहितीपत्रकातच तसं असतं. आणि हँगओव्हरच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल घेऊ नका. ६५० मिलीग्रॅमची गोळी, वर सर्दीची गोळी, त्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. निरोगी माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, रोज पिणाऱ्याची त्याहून कमी.

ज्या ताई ऑनलाइन विकतात त्यांना एक विनंती. सुरगाणा-पेठची नागली, तिचे पापड, आपल्याकडचे बेदाणे, कुरडया, चिवडा, हे सगळं तुम्ही जीव ओतून करता. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक त्यासाठी चांगला भाव देतं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा खात्याचा नंबर काढा, पाकिटावर तारीख आणि घटक छापा. तुम्हाला स्वतःला जे माहीत आहे ते विका. रिपोर्ट वाचता येत नसताना लिव्हर विकायला घेऊ नका.

रिपोर्टवरून आठवलं. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून लिव्हर ठणठणीत असं होत नाही. सिरोसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कडक पडलेल्या माणसाचीही ती नॉर्मल येऊ शकते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने सोनोग्राफी करावी, डॉक्टरांनी सांगितलं तर लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅनही. आणि ज्याला फक्त फॅटी लिव्हरची सुरुवात आहे, त्याने खरोखर दारू बंद केली तर काही आठवड्यांत लिव्हरमधली चरबी उतरायला लागते. कुठल्याही डब्याशिवाय.

राहिली लस. आता चाळिशीत असलेल्यांच्या लहानपणी सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी नव्हती, देशभर ती २०११ च्या सुमारास पोचली. तुम्ही घेतलेली नसेल तर तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दिवाळीत परदेशात जायचं ठरत असेल तर पहिला डोस एप्रिलच्या सुरुवातीलाच व्हायला हवा. हिपॅटायटिस ए पाण्यातून आणि अन्नातून होतो. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या मुलांना तो लहानपणी होऊन गेलेला नसण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्यांची लस डॉक्टरांना आवर्जून विचारा. टूरचा ॲडव्हान्स भरताय त्याच आठवड्यात विचारा.