प्लेट घट्ट, नोंद सैल

एचएसआरपी, म्हणजे गाड्यांना सक्तीची केलेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, हिच्या वादात महाराष्ट्रातल्या दोन्ही बाजूंनी एकच साक्षीदार उभा केला, तो म्हणजे परदेश. 'तिकडे नंबर प्लेटला हात लावायची कुणाची छाती होत नाही, आपल्याकडे लोकांना शिस्तच नको,' हे एका बाजूचं म्हणणं. 'तिकडे सरकार लोकांना असं छळत नाही,' हे दुसऱ्या बाजूचं. लंडनमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं. दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि पहिलं तर जरा जास्तच. ते म्हणणाऱ्यांतले निम्मे आठ दिवसांच्या टूरमध्ये बसच्या काचेतून लंडन बघून गेलेले असतात.

वाद थोडक्यात असा. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी प्लेट येते. त्याआधीच्या गाड्यांना ती मालकाने बसवून घ्यायची. दुचाकीला 450 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 531. शेजारच्या राज्यांत स्वस्त आहे असा आरोप झाला, परिवहन खात्याने तो फेटाळला. 31 मार्च 2025 ची मुदत पुढे ढकलत ढकलत वर्षअखेरीपर्यंत आली. हेतू सांगितला गेला तो गाड्यांची चोरी आणि गाडीवरून होणारे गुन्हे रोखण्याचा.

आता इथलं बघा. ब्रिटनमध्ये एचएसआरपीसारखं काहीच नाही. प्लेट अ‍ॅक्रिलिकची, दोन स्क्रूंवर नाहीतर दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली. होलोग्राम नाही, लेझरने कोरलेला कोड नाही, एकदाच बसणारं लॉक नाही. पंधरा-वीस पौंडांत दुकानदार तुमच्यासमोर करून देतो. त्याने तुमचं ओळखपत्र आणि गाडीचं नोंदणीपत्र (व्ही फाइव्ह सी) बघायचं, एवढाच नियम. असा दुकानदार व्हायला डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, एकदाच 40 पौंड भरून नोंदणी करायची. ऑनलाइन 'फक्त प्रदर्शनासाठी' म्हणून प्लेटा विकणारे तर कागदही मागत नाहीत. मोटरसायकलला प्लेट फक्त मागे. 1 सप्टेंबर 2001 नंतर नोंदलेल्या बाइकला पुढे लावायचीच नाही. कॅमेऱ्याला वाचता येऊ नये म्हणून खास लेप दिलेल्या 'घोस्ट' प्लेटाही मिळतात. हे ते शिस्तीचं नंदनवन.

आणि हौस? पुण्यात 4141 चं 'दादा' करतात, 214 चं 'राम'. ते बघून नाकं मुरडणाऱ्यांनी इथे यावं. डीव्हीएलए स्वतःच हौशी नंबर विकते, आणि घेणारे स्क्रूची काळी टोपी नेमकी अशा जागी बसवतात की आकड्याचं अक्षर व्हावं. तोही गुन्हाच, हजार पौंडांपर्यंत दंड. तरी चालतं. खरं सांगायचं तर 'दादा'वाली प्लेट इथल्या या सभ्य चलाखीपेक्षा मला प्रामाणिक वाटते. ती निदान लपत नाही.

मग एचएसआरपी वाईट आहे का? नाही. वस्तू म्हणून ती इथल्यापेक्षा चांगली आहे, हे कबूल करायला हवं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, प्रकाश परत फेकणारी फिल्म, डाव्या वरच्या कोपऱ्यात 20 बाय 20 मिलिमीटरचा अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला किमान दहा अंकी क्रमांक, आणि तोडल्याशिवाय न निघणारं स्नॅप लॉक. पण कोणता भाग काय काम करतो ते बघा. कॅमेरा अक्षरं आणि आकडे वाचतो. त्याला होलोग्राम दिसत नाही, दहा अंकी क्रमांक तर नाहीच. म्हणजे रस्त्याकडेला मिळणारी, होलोग्रामसारखं स्टिकर चिकटवलेली नकली प्लेट कॅमेऱ्याच्या लेखी अस्सलच. फरक कळतो तो फक्त नाकाबंदीत, तेही पोलिसाने वाकून लॉक तपासलं आणि कोरलेला क्रमांक 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदवहीशी जुळवला तर. गर्दीच्या चौकात ते कितीदा होतं, हे वाचकाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एचएसआरपीचा खरा फायदा वेगळाच आहे. सगळ्यांचा फाँट एक, मापं एक, त्यामुळे कॅमेऱ्याची वाचण्यातली चूक कमी होते. हे कुणी सांगत नाही, कारण त्यात 'हाय सिक्युरिटी' वाटेल असं काही नाही.

दुचाकीवरून येऊन गळ्यातली साखळी हिसकावणाऱ्या चोराचं गणित याहून साधं आहे. तो स्वतःची गाडी वापरत नाही. जुन्या दुचाकीचं हँडल लॉक पायाने जोर देऊन मोडतं, इग्निशनचं कपलर ओढून वायरी जोडल्या की गाडी सुरू. कित्येक झिजलेली लॉकं तर दुसऱ्याच किल्लीने उघडतात. चोरलेल्या गाडीवर प्लेट असते ती मूळ मालकाची, अस्सल, स्नॅप लॉकसकट. काम झालं की गाडी कुठेतरी टाकून पसार. फुटेजमधला नंबर पोलिसांना घेऊन जातो थेट त्या बिचाऱ्याकडे, ज्याने रांगेत उभं राहून 531 रुपये भरले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 ने हिसकावून पळण्याला वेगळा गुन्हा केलं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, हे चांगलं झालं. पण त्या कलमापर्यंत पोहोचायला चोर सापडावा लागतो, प्लेट नव्हे.

लंडनमध्ये 2017 च्या सुमारास मोपेडवरून फोन हिसकावण्याचा कहर झाला होता. तेव्हा सरकारने सगळ्या बाइकवाल्यांना नवी प्लेट लावायला लावली नाही. पाठलाग करणाऱ्या पोलिसांना चोराची मोपेड गाडीने धक्का देऊन पाडायची मुभा आणि त्याचं प्रशिक्षण दिलं, चोराच्या अंगावर मारायला सहजी न निघणारा खुणेचा फवारा दिला. 2022 च्या कायद्याने पोलिस ड्रायव्हरची चूक त्याच्या प्रशिक्षणाच्या मापाने जोखायचं ठरवलं. बाइकवाल्यांना सांगितलं ते असं: डिस्क लॉक, जाड साखळी आणि वरून कव्हर. साखळी 16 मिलिमीटर किंवा जास्त, चाकातून आणि शक्यतो फ्रेममधून घेऊन पक्क्या खांबाला किंवा जमिनीतल्या कडीला. साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली की कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. अँगल ग्राइंडरपुढे यातलं बरंच हरतं, पण ग्राइंडरचा आवाज होतो. हा सल्ला पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगलाही जसाच्या तसा लागू आहे.

पण इथेही प्रामाणिक माणूस सुटत नाही. नंबर 'क्लोन' झाला की दुसऱ्याच्या फेरीची दंडाची पत्रं तुमच्या दारात. जुन्या बाइकला लंडनचा प्रदूषण-कर दिवसाला साडेबारा पौंड, तो चुकवायला कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतो. मग ती गाडी तुमची नव्हे हे तुम्हीच सिद्ध करायचं: फोटोतला आरसा, सीट, एक्झॉस्ट वेगळा दाखवायचा, पोलिसांकडून तक्रारीचा क्रमांक मिळवायचा, दंड पाठवणाऱ्या प्रत्येकाला वेगळं लिहायचं. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. वेगाचा गुन्हा असेल तर पहिली नोटीस नोंदणीधारकाकडे 14 दिवसांत पोहोचली नाही की खटला बहुधा पडतो. भारतात 2021 च्या केंद्रीय नियमाने 15 दिवस घातले आहेत. पण उशीर झाला तर चलन आपोआप रद्द होईल अशी सोय नाही, म्हणून वर्ष-दीड वर्षापूर्वीची ई-चलनं एकदम निघतात.

भांडायचं असेल तर या जागांवर भांडा. जुन्या आरसी बुकातला हाताने लिहिलेला चेसिस नंबर 'वाहन'मध्ये चुकीचा चढला असेल तर बुकिंगला लागणारे शेवटचे पाच आकडे जुळत नाहीत. ती चूक कारकुनाची आणि हेलपाटे मालकाला. गाडी विकली पण नावावर झाली नाही, तर चोरी असो की चलन, जुनाच मालक धरला जातो. प्लेट चोरीला गेली तर आधी एफआयआर, मग पुन्हा पैसे. यातलं एकही स्नॅप लॉकने सुटत नाही. आणि मुदत वाढवत राहिल्याने वेळेत भरणाराच मूर्ख ठरला.

आम्हा बाहेरच्यांचा या वादातला वाटा लाजिरवाणा आहे, तोही सांगून टाकतो. आमच्यातल्या अनेकांच्या नावावर एमएच 12 किंवा एमएच 14 ची एखादी स्कूटर अजून आईवडिलांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. बॅटरी उतरलेली, विमा संपलेला, नोंदीतला मोबाइल नंबर केव्हाच बंद. ओटीपी येणार कुठे? विकायची तर हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या लागतात, आणि एचएसआरपीशिवाय हस्तांतर अडतं. ते सगळं आम्ही सत्तरीच्या वडिलांवर सोडतो आणि इथून व्यवस्थेवर लेख लिहितो. विकून टाका म्हटलं तर 'राहू दे, आलो की लागते' असं आम्हीच म्हणतो. वर्षातून एकदा, तीन आठवड्यांसाठी. 'वाहन'च्या नोंदीत निदान आम्ही अजून पुण्याचे आहोत, आणि ती नोंद दुरुस्त करायची आम्हाला मुळीच घाई नाही.