इंजिनाचा मेकअप

वाफेचं इंजिन चालवायला एक ड्रायव्हर आणि एक-दोन फायरमन पुरत. तेच रंगवायला डझनभर पुणेकर लागतात, आणि त्यातले निम्मे नुसती देखरेख करतात.

आमचं इंजिन नॅरोगेजचं. एका संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर कित्येक पावसाळे खात उभं आहे. ते चालवायचा कुणाचाही विचार नाही. बॉयलरच्या नळ्या बदला, पाणी भरून दाबाची चाचणी घ्या, हे आमच्या वर्गणीच्या वहीत बसणारं नव्हे. बाहेरून देखणं करायचं, संपलं. "रविवारी सकाळी या हो, हातपाय मोकळे होतात," असं म्हणून सोसायटीतल्या एका काकांनी मला तिथं नेलं. हातपाय मोकळे झाले, खांदा मात्र जो धरला तो धरलाच.

रीत तशी सोपी. जुना रंग खरवडायचा, वायर ब्रशने गंज काढायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि त्याच दिवशी रेडऑक्साइडचा हात द्यायचा. लोखंड रात्रभर उघडं राहिलं आणि पाऊस शिंपडून गेला, की सकाळी परत श्रीगणेशा. मग खड्डे बुजवायला लांबी, मग एनॅमल. अडचण एवढीच, की आजवर दर २६ जानेवारीच्या तोंडावर कुणीतरी गंजावरच रंग फासलेला. काळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली चंदेरी, त्याखाली चक्क बंगल्याच्या फाटकाला देतात तो चॉकलेटी. काही ठिकाणी खरवडता खरवडता पत्राच संपला. तिथं इतकी वर्षं रंगाने रंगाला धरून ठेवलं होतं.

स्मोकबॉक्सचं, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या पेटीचं, तर बोलूच नका. इंजिन बंद झालं त्या दिवसाची राख आतच. धुराड्यातून पावसाचं पाणी त्या राखेत मुरलं की आम्ल तयार होतं आणि ते तळाचा पत्रा खाऊन टाकतं. "एक झाकण ठेवलं असतं धुराड्यावर!" रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले आमचे फोरमनकाका हे दर रविवारी ऐकवतात. राख काढायला मला आत घातलं, कारण "तुम्ही बारीक आहात." आत राख, मांजा, वेफर्सची पाकिटं आणि एक कबूतर. कबुतराने जागा सोडायला साफ नकार दिला. जुना भाडेकरू असावा. मी बाहेर आलो तेव्हा डबा घेऊन आलेल्या बायकोने तो सरळ फोरमनकाकांच्या हातात दिला आणि विचारलं, "आमचे हे कुठे दिसले का?"

त्यात बघे. पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ सालची, त्यामुळे पुण्यात अरुंद रुळांवर जे जे उभं असेल ते फुलराणीच. "नाही हो, हे खरं इंजिन आहे," असं सांगितलं की आमचे पंढरपूरचे आजोबा सरसावतात. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रूळ, १८९७ साली बार्शी, १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर. गाडी मिरजेला पोचेपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत, रंगाच्या डब्यावर साय धरलेली असते.

मग काळ्या रंगाचं प्रकरण निघालं. बोहरी आळीत काळ्याचे इतके प्रकार मिळतात हे मला ठाऊक नव्हतं. स्मोकबॉक्स तापतो, म्हणून त्याला उष्णतेला टिकणारा रंग हवा, असा एक पक्ष. हे इंजिन आता फक्त वैशाखात तापणार, असा दुसरा. महागडा रंग आणायचं ठरलं आणि सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं.

हे खजिनदार ब्रशला कधी हात लावत नाहीत. पावत्या जपतात, बिस्किटं मोजतात. पण टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याच्या, मागच्या बाजूचा रंग निघाला आणि खाली खिळ्याने कोरलेला बदाम सापडला. त्यात दोन अक्षरं, बाणाच्या टोकाशी १९८७. यावर सभा बसली. फोरमनकाका म्हणाले, ही विटंबना आहे, घासून टाका. आजोबा म्हणाले, इतकी वर्षं झाली, आता हाही वारसाच, वर पारदर्शक वॉर्निश मारा. प्रकरण मतदानावर गेलं. तोवर खजिनदारांनी बाह्या सरसावून ग्राइंडर हातात घेतला होता, आणि वहिनी चहा घेऊन फाटकातून आत यायच्या आधी तेवढा भाग आरशासारखा लखलखीत झाला.

बदामातलं पहिलं अक्षर खजिनदारांचं होतं. दुसरं वहिनींचं नव्हतं.