जाड जीन्स म्हणजे टिकाऊ जीन्स?

कामासाठी जाड जीन्स घ्या, ती टिकते, असं एका लेखात वाचलं. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ग्राइंडिंगला (ओतलेले भाग घासायला) आहे. आमच्याकडं पँट जाते ती गुडघ्यात आणि जांघेत, आणि ठिणग्यांनी. स्ट्रेच जीन्स बसायला-उठायला मऊ लागते खरी, पण त्यातला इलास्टेन धागा ठिणगीनं वितळतो. पॉलिएस्टरचंही तेच, वितळून कातडीला चिकटतं. निव्वळ सुती कापड काळं पडतं, भोक पडतं, पण चिकटत नाही. म्हणून खरेदीला गेल्यावर आधी आतलं लेबल बघा की ओ, शंभर टक्के कॉटन आहे का ते.

डेनिमचं, म्हणजे जीन्सच्या कापडाचं, वजन औंसात मोजतात, एका चौरस यार्डाला किती ते. 12 ते 14 औंस कामाला पुरे. त्याहून जाड घेतली तर आपल्या बेळगावच्या पावसात चार दिवस वाळत नाही, दोरीवर नुसती लोंबत राहते!

मग शिलाई. पँट उलटी करून जांघेतली शिवण बघा. तिहेरी असली तर उत्तम. खिशाच्या कोपऱ्यावरचे तांब्याचे रिव्हेट (ठोकून बसवलेल्या टिकल्या) आता शोभेचे वाटतात, पण 1873 मध्ये अमेरिकेतले कापड व्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांनी त्याचं पेटंट घेतलं ते मजुरांचे खिसे उसवू नयेत म्हणूनच.

आणि हो, पँटचं टोक बुटाच्या आत खोचू नका, ठिणगी सरळ मोज्यात जाते. माझ्या घोट्यावर डाग आहे अजून.