देवाने ऐकले, हे कशावरून?

देव माणसाची वैयक्तिक प्रार्थना ऐकतो, यावर माझा विश्वास आहे. हे चारचौघांत सांगताना मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो या विश्वासाच्या समर्थनार्थ आपण आस्तिक मंडळी जे पुरावे देतो, त्यांचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गावात एक वाक्य वारंवार कानी पडत असे, की पाणी आमच्या पायरीपर्यंत आले आणि तेथेच थांबले, गणपतीने आमचे ऐकले. बोलणाऱ्याची कृतज्ञता खरी होती, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी नेणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. त्या बोटीत बसताना कोणीच देवाचे नाव घेतले नसेल, असे कृष्णाकाठचा माणूस तरी म्हणणार नाही. मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे गेली, आणि ती तर काळूबाईच्याच दर्शनाला आली होती. माझ्या पायरीशी थांबलेले पाणी हा देवाने ऐकल्याचा पुरावा मानला, तर ब्रह्मनाळच्या लोकांचे त्याने ऐकले नाही, असा निवाडा मी नकळत देऊन बसतो. तो देण्याचा अधिकार मला कोणी दिला?

बरे, मागणी पूर्ण होणे म्हणजेच ऐकणे, असे मानले तर साधा व्यवहारही जुळत नाही. ऑक्टोबरमध्ये छाटणी उरकलेला तासगावचा द्राक्ष बागायतदार डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने पाऊस नको म्हणून हात जोडतो, आणि त्याच आठवड्यात जतचा शेतकरी ज्वारीच्या पेरणीसाठी परतीचा पाऊस मागतो. दोघेही तितकेच कळवळून मागतात.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट पाडले होते, आणि प्रार्थना करणाऱ्या अनोळखी लोकांना रुग्णाचे नाव व आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिले होते. प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चितपणे सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के निघाले. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती, पण ज्यांना त्याची खात्री दिलेली नव्हती, त्यांच्यात ते ५२ टक्के होते. काही नास्तिक मित्र हा अभ्यास माझ्यापुढे विजयपत्रासारखा ठेवतात. मला त्याने धक्का बसत नाही. प्रार्थना हे औषध आहे असा दावा कोणी करत असेल तर तो औषधासारखाच तपासला जावा आणि खोटा ठरला तर सोडून द्यावा. माझा तो दावाच नाही.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याविषयी आस्तिकांत आजही जो राग आढळतो, तो मला म्हणूनच अनाठायी वाटतो. २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर काही महिन्यांतच विधिमंडळाने जो जादूटोणाविरोधी कायदा संमत केला, त्यात घरातील किंवा देवळातील प्रार्थना, उपासना, भजन, कीर्तन यांना हात लावलेला नाही. तुमची प्रार्थना देवापर्यंत लवकर पोहोचवतो म्हणून पैसे आणि अब्रू लुबाडणाऱ्या भोंदूंना त्याने अडवले. देव थेट ऐकतो असे मानणाऱ्याला तर असा मध्यस्थ सर्वांत आधी खटकायला हवा.

मग उरते काय? माझ्या मते जे मूळचे होते तेच उरते. प्रयत्नाची थोरवी सांगणारे रामदास करुणाष्टकांत रामापुढे आपली व्यथा आणि असहायता मांडतात, आणि सज्जनगडाच्या परिसरातील घरांमधून ती आजही सांजवेळी म्हटली जातात. नवसाने मुले होत असती तर पती कशाला हवा, असे विचारणारे तुकोबा विठ्ठलाशी बोलायचे थांबले नाहीत. माझ्या लेखी देव मेला, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली आणि तेही त्यांनी अभंगातच सांगितले. ऐकणारा कोणी आहे अशी खात्री असल्याखेरीज माणूस इतका भांडत नाही. शिवाय सर्व काही आधीच ठाऊक असलेल्यापुढे सोंग आणता येत नाही. बांधाच्या वादात न्याय मिळू दे असे म्हणताना आपल्याला न्याय हवा आहे की भावकीची जिरवायची आहे, हे देवघरात बसल्यावर जितके स्वच्छ कळते, तितके वकिलासमोर कळत नाही.

सर्वसमर्थ असलेला देव ऐकूनही गप्प का राहतो, हा आक्षेप खरा आणि भारी आहे. तो कर्माचा हिशेब सांगून झटकणे मला निर्दयपणाचे वाटते, विशेषतः लहान मुलाच्या मृत्यूनंतर. तो प्रश्न उशाशी घेऊनच मी प्रार्थना करतो.

मिरजेत दवाखाने पुष्कळ, आणि त्यांच्या व्हरांड्यांत जपमाळ घेऊन बसलेले नातेवाईकही पुष्कळ. त्यांच्याजवळ बसावे, हवे असल्यास त्यांच्याबरोबर रामरक्षा म्हणावी, रक्त लागणार असेल तर द्यावे. परंतु देव नक्की बरे करील, असे आश्वासन कोणी देऊ नये. रुग्ण दगावला तर त्याच आश्वासनाचे पुढे काय होते, हे मी पाहिले आहे. तेथील एका दवाखान्याच्या दारात, नवरा नुकताच गमावलेल्या बाईंना एक गृहस्थ, तुमची श्रद्धा कुठेतरी कमी पडली, असे समजावत होते. मी त्यांना बाजूला घेतले आणि वयाचा मान न ठेवता खडसावले.