भिंतीवरची वाकळ

कोल्हापुरात वाकळ शिकवायचा क्लास काढणं म्हणजे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन धार कशी काढायची ह्याचं शिबिर भरवणं. समोर बसलेल्या प्रत्येकीच्या घरी माळ्यावर चार वाकळा असतात, त्यातली एक तरी आजीच्या हातची असते, आणि ती तुमच्या सगळ्या नमुन्यांपेक्षा सरस असते. तरीही मी क्लास काढला. राजारामपुरीत, वरच्या मजल्यावर, दुपारी तीन ते पाच. माझं म्हणणं साधं होतं. ही आर्ट क्विल्ट आहे. वरचा थर कापडाच्या तुकड्यांनी चित्र काढल्यासारखा जोडायचा, मध्ये पातळ भरणा, खाली अस्तर, तिन्ही थर धावदोऱ्यानं एकत्र बांधायचे आणि भिंतीला टांगायचे. चित्रात प्राणी घ्यायचे आणि ते कापडात उतरवायची रीत जगभरातून उचलायची. पनामातून, बेनिनमधून, जपानमधून, जिथून मिळेल तिथून.

"म्हंजे पांघरायची न्हाई?" मंगळवार पेठेतल्या आक्कांनी विचारलं.

"नाही आक्का. बघायची."

"किती वेळ?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आक्कांना त्यांच्या सुनेनं फी भरून पाठवलंय. दुपारी घरात राहिल्या की त्या सुनेच्या रात्रीच्या स्वयंपाकाची आगाऊ चौकशी करतात. आता ती चौकशी माझ्या वाट्याला आली आहे. टाका मात्र असा घालतात की एकदा मी चोरून पट्टी लावून बघितली. ओळ सुतानंही हलली नव्हती. चष्मा न लावता. मी टाक्यांवर घ्यायचं लेक्चर त्याच दिवशी रद्द केलं आणि सरळ जगाच्या दौऱ्यावर निघाले.

पहिला मुक्काम पनामा. तिथल्या बेटांवर राहणाऱ्या गुना लोकांच्या बायका 'मोला' करतात. दोन-तीन रंगांची कापडं एकावर एक ठेवायची, वरचं कापड आकारात कापायचं, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवायच्या आणि खालचा रंग वर येऊ द्यायचा. पक्षी, मासे, कासवं अशीच उमटतात. हे मोला त्यांच्या पोलक्यांवर पुढं-मागं बसवलेले असतात. सांगायला दोन मिनिटं लागली. करायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की ह्यात गांधीनगरातून घासाघीस करून आणलेल्या कोऱ्या कापडाला मधोमध कात्री लावायची आहे. सगळ्या कात्र्या हवेत थांबल्या. एका वहिनींनी आपलं कापड घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

"जुनं फाडून नवं करत्यात हे ठाऊक हाय," आक्का म्हणाल्या. "नवं फाडून काय करत्यात?"

शेवटी मीच माझ्या पैशानं मांजरपाट आणला आणि सगळ्यांनी तो आनंदानं कापला.

जपानचं त्याहून वाईट झालं. तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठिगळावर ठिगळ लावत वापरलेले निळे कपडे आज 'बोरो' म्हणून संग्रहालयांत जपून ठेवलेत, शौकीन लोक त्यांना भारी किंमत मोजतात, असं मी फोटो दाखवत सांगितलं. वर्गात एकच पुरुष विद्यार्थी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, किंमत विचारली, मनाशी आकडेमोड केली आणि म्हणाले, "आमच्या आईच्या ट्रंकेत ह्याच्या तिप्पट माल होता. आम्ही बोहारणीला दिला." ते त्या दिवशी पुढं काही शिवू शकले नाहीत.

एकमतानं पास झाली ती फक्त कावंदी, म्हणजे सिद्दींची वाकळ. इथून जवळच, उत्तर कन्नडात, हल्याळ-येल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे लावत कडेपासून सुरुवात करतात आणि गोल फिरत फिरत मधोमध येऊन थांबतात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचं तिकोनी फूल लावायचंच. फूल नसलं तर ती कावंदी नागडी समजतात. आक्कांना हे इतकं पटलं की त्यांनी मान डोलावली आणि मग माझ्या नमुन्याच्या चारी कोपऱ्यांकडं एकदा सावकाश बघून घेतलं. मी तो नमुना त्याच संध्याकाळी खाली उतरवला.

पण हे सगळं सोसवेल. खरा छळ प्राण्यांचा.

कापडात प्राणी काढताना तपशिलाला जागा नसते. मिशा, नखं, पापण्या हे चोचले कागदावर चालतात. कापडातला प्राणी ओळखायचा तो बाह्यरेषेवरून आणि उजेड-सावलीवरून. म्हणून मी नियम केला: आधी काळ्या कागदातून आकार कापायचा, समोरच्या भिंतीवर लावायचा, आणि बाकीच्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ओळखायचा. परदेशी पुस्तकांत ही युक्ती हमखास यश देते. त्या पुस्तकांच्या लेखिका कोल्हापुरात शिकवत नसाव्यात.

"हे काय आहे, सांगा बघू?"

"म्हैस."

ते हरीण होतं.

"आणि हे?"

"म्हैसच की. जरा वाळल्या."

ती शेळी होती. जिराफ लावला तेव्हा मागून आवाज आला, "मान वर केलीया म्हशीनं." आणि गंमत अशी की त्यांचं चुकत नव्हतं. हात सैल सोडला की इथल्या कुणाच्याही कात्रीतून म्हैसच निघते. पाठ सपाट, पोट खाली, मुंडी पुढं. डोळ्यांना लहानपणापासून तीच सवय.

वकीलवहिनींनी ह्यावर उपाय म्हणून चित्ता घेतला. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, तेव्हा आपल्या चित्त्याला गावात हक्काची जागा आहे, असा त्यांचा युक्तिवाद. ठिपक्यांचं कापड आणलं, शेपूट लांब ठेवली, आता हा बिबट्या वाटू नये म्हणून मी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ घालायला सांगितली. चित्त्याची ती खूणच. वहिनींनी दोरा दुहेरी घेतला आणि रेघ ठसठशीत आली.

"रडतंय जणू," कुणीतरी म्हणालं.

"भिंतीला टांगणार म्हटल्यावर रडंल न्हाईतर काय करंल," आक्का म्हणाल्या.

मग मी बेनिनला गेले. तिथं अबोमीच्या राजांची एकेक निशाणी ठरलेली असे आणि दरबारचे शिंपी ती कापडाच्या आकारांनी मोठ्या पडद्यांवर, निशाणांवर शिवत. गेझो राजाची रानम्हैस, ग्लेलेचा सिंह, बेहान्झिनचा शार्क मासा. पार्श्वभूमी एकाच रंगाची, आकार ठळक, उगीच नक्षी नाही. शिकण्यासारखी गोष्ट. म्हणून मी गृहपाठ दिला की आपल्या घरातल्या एका माणसाची प्राण्याच्या रूपात निशाणी करून आणा. माझ्या डोळ्यांपुढं आजोबांचे सिंह आणि लेकींची फुलपाखरं होती.

पुढच्या तासाला टेबलावर एक घोरपड, दोन अस्वलं, एक खेकडा आणि हातात टीव्हीचा रिमोट धरलेला अजगर हजर झाला. सगळे विवाहित. वकीलवहिनींचा पोपट होता. त्याची चोच त्यांनी चांगल्या आठ टाक्यांनी बंद केली होती. "कोर्टातनं आल्यावर असंच बसत्यात," त्या म्हणाल्या. "त्वांड उघडतंय ते जेवायलाच." सूनबाईंनी शिवलेली निशाणी आक्कांनी घरातून शोधून आणली होती. ती कुठला प्राणी होती ते मी इथं लिहिणार नाही, मला आक्कांना अजून वर्षभर शिकवायचं आहे. कामाच्या दृष्टीनं सांगायचं तर ती सगळी कामं त्या वर्षातली सर्वांत उत्तम होती. बाह्यरेषेत खोट नाही. माणूस आतून पेटला की कात्री बरोबर चालते, हे मी तेव्हापासून शिकवण्यात वापरते.

दोन दिवसांनी अजगर स्वतः बुलेटवरून आला.

"मॅडम, मी अजगरासारखा दिसतोय व्हय?"

"दिसत न्हाईसा ओ," बायको सुई न थांबवता म्हणाली, "वागतासा."

त्यांनी भिंतीवरच्या अजगराकडं बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. फक्त तेवढा रिमोट काढा की. पावणं येत्यात."

रिमोट काढला. अजगर त्याशिवाय निम्मा झाला, पण ते असो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गेझो राजाचं उदाहरण समोर असूनही एकीनंही नवऱ्याला म्हैस केलं नव्हतं. म्हैस हा इथं चेष्टेचा विषय नाही.

आणि तिथूनच सुटका झाली. एका तासाला मी हॅरिएट पॉवर्सची गोष्ट सांगत होते. अमेरिकेतल्या जॉर्जियात 1837 साली गुलामगिरीत जन्मलेली ही कृष्णवर्णीय बाई, आणि तिच्या दोनच क्विल्ट आज शिल्लक आहेत. त्यातली एक बॉस्टनच्या संग्रहालयात. बायबलमधल्या कथांच्या शेजारी तिनं 1833 सालचा उल्कापात शिवला आहे, आणि एका चौकोनात एक डुकरीण. जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत 500 मैल पळालेली, नाव बेट्स. म्हणजे जवळजवळ कोल्हापूरहून मुंबईला जाऊन परत.

"एकटीच?" आक्कांनी सुई थांबवली.

"एकटीच."

"आनि तिला वाकळंवर घेतली."

"घेतली."

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाडव्याची म्हैस करूया."

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशी घासूनपुसून, शिंगं रंगवून, मोरपिसं-घुंगरं बांधून मिरवायला आणतात. सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फुरफुरत पुढं निघते आणि मालकाच्या एका हाकेवर म्हैस तिच्यामागं उधळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी, शिट्ट्या. आक्कांना नेमका तो क्षण हवा होता.

आता काळी म्हैस कापडात करणं हे क्विल्टवाल्यांना विचारा. एकच काळं कापड वापरलं तर वाकळेला भोक पडल्यासारखं दिसतं. पाच-सहा काळे लागतात: निळ्याकडं झुकणारा, तपकिरी, राखी, विटका, चकाकणारा. डोळे बारीक करून बघायचं आणि उजेड कुठं पडतो तिथं फिका काळा लावायचा. वर्गानं घरंदारं धुंडाळली. छत्रीचं कापड आलं, ते सुईला दाद देईना. काकांनी बँकेतली पँट दिली, बुडाला चकाकी आलेली. मानेच्या वळणावर ती अशी बसली की सांगता सोय नाही. 2025 साली मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच गावात आल्यापासून काळ्या कोटांना तोटा नाही. वकीलवहिनींनी एक उचलून आणला. तो जुना होता की चालू, हे आम्ही विचारलं नाही. आणि आक्कांनी, ज्यांनी मांजरपाटाशिवाय कशाला कात्री लावली नव्हती, पिशवीतून आपली विरलेली चंद्रकळा काढली. "धडाला हीच बसंल," म्हणाल्या, आणि मधोमध कापली.

शिवताना बरगड्यांवर टाके दाट घातले, त्यामुळं कापड तिथं आत दबलं आणि हाडं दिसायला लागली. मांडीवर टाके स्नायूच्या वळणानं नेले. पोटावर मात्र आक्का एक टाका घालू देईनात. तेवढा भाग भरण्यासकट टम्म फुगून राहिला.

"आक्का, इथं दोन ओळी घालूया का? बाकीच्याशी मेळ बसेल."

"नगं. गाभन हाय."

"गाभण म्हैस मोटरसायकलमागं पळेल?"

"म्हनून तर जपून पळत्या. पाय बघ की तिचं."

मी पाय बघितले. खरोखर जपूनच पळत होती.

प्रदर्शन दसरा चौकात शाहू स्मारकला भरवलं. गर्दी चांगली झाली, आणि कुणीही पुढून फार वेळ बघितलं नाही. माणूस येतो, खालची कड उचलतो, वाकळ उलटी करतो, मागचे टाके बघतो, अंगठ्यानं भरणा दाबतो, मग मान हलवतो. कोल्हापुरात कलासमीक्षा मागच्या अंगानं सुरू होते. 'कृपया हात लावू नये' ही पाटी एकानं बाजूला सरकवली, तिच्यामागची कड नीट दिसत नव्हती म्हणून.

किमतीवरून रोज जुंपायची. कापड जुनं, सुई स्वतःची, मग पैसे कशाचे? डबल बेडची असती तर एकवेळ विचार केला असता. पॉवर्सबाईंनी आपली पहिली क्विल्ट 1891 साली अडचणीपायी विकायला काढली, 10 डॉलर सांगितले आणि 5 मिळाले. म्हणजे निम्म्यात मागायची पद्धत महाद्वार रोडपुरती नाही. चित्त्याची किंमत विचारून एक बाई म्हणाल्या, "रडका हाय, कमी करा की काहीतरी."

शेवटच्या दिवशी एक गवळी आले. म्हशीपुढं उभे राहिले, हात जोडायचेच बाकी होते. "आमच्या म्हशीची असली करून द्या. पैशाचं बघू नका." त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर फोटो सोडायला सुरुवात केली, सगळे समोरून, कपाळावर मोरपीस, रंगवलेली शिंगं दोन्ही बाजूंना. "अशीच पायजे. आनि कास दिसली पायजे."

"समोरून काढली तर कास दिसणार नाही हो."

"मग लोकास्नी कळायचं कसं, दुधाची हाय म्हनून?"

मी कागद घेतला, कापून दाखवलं. समोरून म्हैस अशी दिसते. बाजूनं अशी. बाजूनं काढली की कास येते, पण एक शिंग झाकलं जातं आणि कपाळावरचं मोरपीस जातं. त्यांना शिंगही सोडायचं नव्हतं, कासही. दोन वाकळा करू म्हटलं तर म्हैस एकच आहे म्हणाले. माझं सगळं जग फिरून झालं, पनामा, जपान, बेनिन, कुठंच तोडगा नव्हता.

आक्का खुर्चीवरून उठल्या. "त्वांड म्होरं करा," त्या म्हणाल्या, "आनि कास मागल्या अंगाला अस्तरावर घाला. उलटून बघनारच हाईत."

गवळ्यांनी तिथंच ॲडव्हान्स काढला. आक्कांच्या हातात दिला.