काँट्राचं लेबल आणि वॉशर घ्यायला आलेले काका

रविवारी जुन्या बाजारात माझ्या डोळ्यांदेखत काँट्रा नावाच्या व्हिडिओ गेमच्या एका कॅसेटचं लेबल सोलून काढलं गेलं आणि वर त्या कॅसेटचे पैसेही मीच दिले. बातमी म्हणाल तर एवढीच. घरी सांगितली तर बायको म्हणाली, "पण कॅसेट चालते ना?" आणि विषय संपला. म्हणजे तिच्यापुरता. माझा अजून चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर असले टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते बघा, त्यात वरून खुपसायच्या प्लास्टिकच्या कॅसेटी मी जमवतो. पिवळ्या, काळ्या, निळ्या, मिळेल ती. आणि खरं सांगायचं तर कॅसेटीपेक्षा त्यांच्यावरची लेबलं. गेम एकच असला तरी लेबल वेगळं असेल तर माझ्या हिशोबात ती वेगळी कॅसेट. हे वाक्य बोलून झालं की समोरचा माणूस एकदम मऊ आवाजात बोलायला लागतो, तब्येतीची चौकशी करतो, झोप लागते का वगैरे.

तर मंगळवार पेठेतला जुना बाजार. एका पथारीवर चार्जरचा गुंता, रिमोट, गंजलेले पाने, मिक्सरची झाकणं, आणि त्याखालून डोकावणारी पिवळी कडा. मी उकिडवा बसलो. काँट्राच होती. बंदुका घेतलेले दोघं नेहमीचेच, पण मागचं आकाश लाल असतं ते इथे जांभळट, नावाच्या अक्षरांची सावली उजवीकडे असायची ती डावीकडे, आणि लेबल कापताना कात्री वाकडी गेल्यामुळे खालच्या काठाला शेजारच्या लेबलाची हिरवी रेघ आलेली. ही हिरवी रेघ बघून मला काय झालं ते मी सांगत नाही, तुम्हीपण तब्येतीची चौकशी कराल. किंमत विचारली, पथारीवाले मामा म्हणाले ऐंशी. मी खिशातून भिंग काढलं.

पुण्यात भिंग काढलं की गर्दी जमते. यावेळी एकच माणूस जमला, पण तो गर्दीला पुरून उरणारा होता. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी, पिशवीतून नळाची तोटी बाहेर आलेली. नळाचं वॉशर शोधायला आले होते असं नंतर कळलं.

"काय शोधताय?"

"काही नाही, लेबल बघतोय."

"नाव तर केवढं मोठं लिहिलंय. चष्मा नाही आणला का?"

मी म्हणलं नाव वाचत नाहीये, छपाई बघतोय. काका वाकले. वाकले म्हणजे माझ्या आणि भिंगाच्या मधे आले.

"ही तुमच्याकडे नाहीये का?"

"आहे. म्हणजे काँट्रा आहे, पण हे लेबल नाहीये."

"आत गेम तोच?"

"तोच."

"अगदी तोच?"

आता इथे मला "हो" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आपल्याला विषयातलं कळतं म्हणल्यावर माणूस सरळ उत्तर देतो का. मी म्हणलं, "तसा तोच, फक्त जपानी काँट्रा असेल तर पहिल्या लेव्हलला मागची झाडं हलतात. अमेरिकन असेल तर नाही हलत." हे खरंय. कोनामी या जपानी कंपनीने १९८८मध्ये दोन्हीकडे काँट्रा काढला, त्यात जपानमधल्या कॅसेटीत हलणारी झाडं आहेत आणि मधेमधे गोष्ट सांगणारी चित्रं आहेत, अमेरिकेतल्या कॅसेटीत ते सगळं गायब.

काका थोडा वेळ गप्प. मग, "कुठली झाडं?"

"जंगलातली. मागे दिसतात ती."

"वाऱ्याने हलतात?"

"हो, वाऱ्यानेच असेल."

"हलली की काय होतं?"

"काही होत नाही. हलतात."

"म्हणजे गोळ्या मारायला त्याचा उपयोग नाही."

"नाही."

"आणि ह्याच्यात हलतात का?"

"ते लावून बघितल्याशिवाय नाही कळणार."

"मग लेबलावरून काय कळतं?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर आहे, चांगलं लांबलचक आहे, पण ते उकिडवं बसून देता येत नाही. तेवढ्यात काकांनी मामांना हाक मारली, "अहो, ह्यांना झाडं हलणारी पाहिजे! आहे का?" मामा म्हणाले, "सगळं हलतं साहेब, गॅरंटी आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "अडीचशे द्या."

"अहो आत्ता ऐंशी म्हणालात!"

"तेव्हा भिंग नव्हतं काढलं."

यावर काका उखडले. म्हणजे माझ्या बाजूने उखडले असं मला वाटलं, पण ते माझ्यावरच उखडले होते. "अडीचशे रुपये ह्या प्लास्टिकला? त्यापेक्षा नाणी जमवा, तांब्याची भांडी जमवा, त्याला काहीतरी व्हॅल्यू तरी आहे."

हे मला झोंबलं, अजून झोंबतंय. शिवराई जमवणारा अभ्यासक, स्टॅम्प जमवणारा सुसंस्कृत, काडेपेटीची लेबलं जमवणाऱ्यावर रविवारच्या पुरवणीत अर्धं पान फोटोसकट, आणि कॅसेटीची लेबलं जमवणारा मात्र वाया गेलेला. काडेपेटीवरचा मोर आणि कॅसेटीवरचा मारिओ यात नक्की काय फरक आहे ते एकदा कोणीतरी मला समजावून सांगा. अमेरिकेत बघा, अटारी कंपनीचं २६०० हे गेमचं मशीन, १९७७चं. त्याच्या कॅसेटींवर आधी नुसती अक्षरं, मग चित्रं, मग चंदेरी लेबल, शेवटी लाल, आणि लोकांनी एकेका गेमची एकेक तऱ्हा नोंदवून ठेवलीये. कॉम्बॅट नावाचा गेम सिअर्सच्या दुकानात टँक प्लस या नावाने मिळायचा, आत गेम तोच, तर लोक दोन्ही घेतात आणि त्यांना कोणी तोच का म्हणून विचारत नाही. मारिओवाल्या निंटेंडो कंपनीच्या सुरुवातीच्या कॅसेटींना पाच स्क्रू होते, पुढे तीन केले, तर लोक स्क्रू मोजतात! झेल्डा हा गेम १९८७मध्ये सोनेरी कॅसेटीत आला, नंतर साधा राखाडी निघाला, दोन्ही कपाटात शेजारी शेजारी.

पण त्यांचं सोपं आहे, त्यांच्याकडे कंपनी आहे, वर्ष आहे, नंबर आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटींवर काय असतं? पत्ता नाही, साल नाही, कोणी बनवली ते नाही. उघडलीत तर आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा ठिपका, त्याच्याखाली चिप. तो ठिपका काही बोलत नाही. त्यामुळे कॅसेट कुठल्या लॉटमधली, कुठल्या व्यापाऱ्याने काय चिकटवून विकली याचा धागा मिळाला तर लेबलावरच मिळतो, अक्षरांच्या सावलीवर, चुकलेल्या स्पेलिंगवर, कात्री कुठे वाकडी गेली त्याच्यावर. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. आणि लेबल खोटं बोलत असेल तर तीसुद्धा माहितीच की. ९९९९९९९ इन १ लिहिलेली कॅसेट आठवते का? लावली की भली मोठी यादी, आणि त्यात मारिओ, टँक, रोड फायटर, सर्कस हेच मूठभर गेम फिरून फिरून, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे नुसतं नाव बदललेलं. आम्ही सुट्टीभर यादीच्या शेवटी काय आहे ते शोधत खाली खाली जायचो. आईबाप म्हणायचे, पोरं किती गुंतून राहिलीत.

आणि हे धागे रोज तुटतायत. दर दिवाळीच्या साफसफाईत एकेक डबा भंगारात जातो. जे उरलंय ते रीलवाल्यांनी महाग करून ठेवलंय, "आजोबांच्या माळ्यावर काय सापडलं बघा" म्हणून सुरुवात करतात आणि शेवटी दोन हजाराला लिंक. त्यातही अर्ध्यांनी लेबलं घरच्या प्रिंटरवर काढलेली, इतकी चकाचक की हात लावला तर शाई बोटाला येईल, आणि खाली ठोकून द्यायचं, रेअर. मागे एकाला मी विचारलं की अहो हा कागद तर परवाचा आहे, तर त्याने मला ब्लॉक केलं. २०२१मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ची सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली, तेव्हापासून तर ज्याच्या घरी फुटका जॉयस्टिक आहे तोही स्वतःला जहागीरदार समजायला लागलाय.

एवढं सगळं मी मनातल्या मनात बोलत होतो आणि तिथेच घात झाला, कारण तेवढ्या वेळात काका माझ्या वतीने घासाघीस करायला लागले होते. "अहो कॅसेट बघा किती कळकट आहे, ते कुजकं स्टिकर तरी काढा, पुसून द्या जरा, तर कोणी अडीचशे देईल!" आणि मामा आज्ञाधारक. शेजारून थिनरची बाटली घेतली, फडक्यावर ओतली, एक पुसा मारला आणि अंगठ्याचं नख लेबलाच्या कोपऱ्यात घातलं. मी "अहो अहो" म्हणेपर्यंत टर्रकन आवाज आला. लेबलाचे दोन तुकडे झाले. हिरवी रेघ मामांच्या नखात.

"हं, आता कशी दिसतेय!" काका खूष.

मला बोलायला सुचेना. मग एकदम खूप सुचलं. मी म्हणलं काका, १९९० साली निंटेंडोने अमेरिकेत एक स्पर्धा घेतली होती, त्याच्या कॅसेटी मोजक्याच निघाल्या, ९० राखाडी आणि २६ सोनेरी, त्यातल्या एका राखाडी कॅसेटीचं लेबल फाटलेलं होतं तर २०१४मध्ये तिची बोली जवळजवळ एक लाख डॉलरवर गेली. माझा मुद्दा असा होता की लेबल फाटलेलं असून एवढे, तर धड असतं तर किती. पण रागाच्या भरात मी हेही सांगून बसलो की त्या फाटक्या लेबलावर कोणीतरी पेनने नुसतं मारिओ लिहिलं होतं.

काकांच्या डोळ्यात चमक आली. "एक लाख? रुपये?"

"डॉलर."

"पेनने लिहिलेलं?"

"हो, पण काका मुद्दा तो नाहीये—"

खिशाला दोन पेनं होती हे मी आधी सांगितलंय. काकांनी मामांच्या हातातून कॅसेट घेतली, पिशवीवर टेकवली आणि लेबल होतं त्या जागेवर, सुकलेल्या गोंदावर, शाळेत फळ्यावर लिहितात तसल्या वळणदार अक्षरात लिहिलं: काँट्रा. खाली एक रेघ मारली. रेघ पुरेशी सरळ आली नाही म्हणून तिच्याच वरून अजून एक मारली. फुंकर घातली आणि माझ्या हातात दिली. "आता ठेवा वीसेक वर्षं."

मामांनी दोनशे घेतले. कमी करा म्हणलं तर म्हणे साफसफाई करून दिलीये. मी उठून निघालो तर काकाच म्हणाले, "अहो, त्यांचे ते स्टिकरचे तुकडे द्या त्यांना, ते त्याच्यासाठीच आलेत." मामांनी दोन्ही तुकडे पेपरात गुंडाळून दिले, औषधाची पुडी बांधतात तसे. आणि निघता निघता काका, अगदी सहज, "असल्या कॅसेटी माझ्या मेव्हण्याकडे पोतंभर होत्या."

"होत्या?"

"गेल्या महिन्यात दिल्या की भंगारवाल्याला. किलोवर."

वॉशर त्यांना मिळालं का नाही ते बघायला मी थांबलो नाही. मिळू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घरी येऊन कॅसेटीच्या पिना खोडरबराने घासल्या, मग इयरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या. फुंकर मारली नाही. लहानपणी सगळे मारायचे, पण तोंडातल्या दमटपणाने पिना खराब होतात, हे पण मी काकांना सांगणार होतो. लावली, चालली. पहिली लेव्हल. झाडं ढिम्म.

मग फोटो काढून आमच्या कॅसेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सहानुभूतीची अपेक्षा होती. पहिला मेसेज आला, लेबल नाही म्हणजे पन्नास रुपये. दुसऱ्याने तुकड्यांचा फोटो मागितला, अर्धी हिरवी रेघ बघून म्हणाला कॅसेट नको, नुसते तुकडे देणार का. मी चारशे म्हणालो, तो कुरिअरसकट दीडशेवर अडून बसलाय. आणि नागपूरच्या एकाने कॅसेटीवरचं ते अक्षर झूम करून, लाल गोल काढून परत पाठवलंय. विचारतोय, मराठी हस्तलिखित व्हेरिएशन पहिल्यांदाच बघतोय, कुठल्या भागात निघायचं हे?

मी त्याला लिहिलं, मंगळवार पेठ. फार थोडी निघाली.