आखाजीची गाडी आणि बॉनेटवरचे पांढरे पट्टे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या भुसावळ-जळगाव भागातील गाड्यांच्या दुकानांसमोर मांडव पडतात आणि मुहूर्तावर गाडी घरी नेणाऱ्यांची रीघ लागते. गेल्या वर्षी त्या रांगेत माझा भाचाही होता. काळ्या रंगाची गाडी, पूजा, नारळ, पेढे आणि सोबत गळ्यात मारलेले ‘पेंट प्रोटेक्शन’चे पॅकेज. पूजा आटोपल्यावर पॅकेजमधले सीलंट, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर, दुकानामागच्या उघड्या पटांगणात, भर दुपारी, पाऊण तासात लावून झाला. चार दिवसांनी गाडी माझ्या दारात आली, तेव्हा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर पुसणाऱ्याच्या हाताच्या वळणांसकट पांढरट पट्टे दिसत होते, आणि जिथे स्वस्तिक काढले होते तिथे कुंकवाची गुलाबी झाक सीलंटच्या खाली पक्की बसली होती.

“मामा, नऊ एच म्हणून सांगितलं होतं त्यांनी,” भाचा म्हणाला; थर किती कठीण, त्याचा हा आकडा.

माझे मत असे आहे की यात बाटलीचा दोष फारसा नव्हता. वैशाखात खान्देशात उघड्यावर सीलंट लावणे हीच मुळात चूक आहे, आणि ते लावून देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या मुहूर्तापुढे मान तुकवू नये. पारा 44-45 अंशांवर असताना उन्हातल्या काळ्या गाडीचा पत्रा सहज साठ अंशांच्या पुढे जातो. सीलंटमध्ये पॉलिमर ज्या द्रावकात मिसळलेले असते, ते द्रावक अशा पत्र्यावर हात फिरवून होण्याआधीच उडून जाते. मागे उरलेला लगदा सारखा पसरत नाही आणि जागच्या जागी वाळतो. केळीचा चीक सदऱ्यावर वाळल्यावर जे होते, तोच प्रकार. पत्र्यावर तळहात टेकवून निवांत ठेवता येत नसेल, तर बाटलीचे झाकण उघडूच नये.

मुहूर्त साधण्यामागे लोकांच्या मनात एक भीतीही असते: नवा रंग लगेच झाकला नाही तर खराब होईल. प्रत्यक्षात कारखान्यातला रंग 130-140 अंशांच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. तो दिवाळीपर्यंत सीलंटविना आनंदाने राहतो. थांबण्याची खरी गरज डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पुन्हा रंगवलेल्या भागाला असते, कारण तिथे एवढी उष्णता मिळत नाही आणि रंगातले द्रावक कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत राहते. त्यावर लगेच थर चढवला, तर ते आतच कोंडते. म्हणजे जिथे घाई नको तिथे आपण घाई करतो, आणि जिथे थांबायला हवे तो पुन्हा रंगवलेला मडगार्डही आठव्या दिवशी ‘चमकवून’ मागतो.

दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, आम्ही दोघांनी ती गाडी पुन्हा हाती घेतली. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ सीलंटच्या आधीच्या कामात गेला, आणि तो तसाच जायला हवा, कारण पत्र्यावर जे असेल ते सीलंट आत बंद करून टाकते. भुसावळात तर पत्र्यावर बरेच काही असते. भाच्याचे घर रेल्वे यार्डाजवळ आहे. गाड्यांच्या ब्रेकमधून आणि चाकांमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात आणि पुढे गंजतात. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राकडून वारा आला की राखेचा थर बसतो, तो वेगळा. गाडी शाम्पूने धुऊन कोरडी केल्यावरही, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून मी त्याला बॉनेटवर बोटे फिरवायला सांगितली. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा पत्रा बोटांना बारीक रव्यासारखा लागत होता. लोखंड विरघळवणारा फवारा मारला, तशा काही क्षणांत दारांच्या खालच्या अंगाला जांभळ्या धारा सुटल्या, आणि भाचा तोंडात बोट घालून पाहत राहिला. त्यानंतर शाम्पूचे पाणी शिंपडत क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवला. क्ले हातातून खाली पडला, तर तो तुकडा फेकून द्यावा; मातीचा एक खडा पुरा दारभर रेघा मारतो.

जुने पट्टे आणि कुंकवाची झाक मात्र हलक्या पॉलिशनेच गेली. इथे लोकांना एक इशारा द्यावासा वाटतो. चौकातला ‘रबिंग’ करून देणारा जी चमक काढतो, ती वरचा पारदर्शक थर खरवडून काढतो, आणि तो थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. तो पुन्हा उगवत नाही. पॉलिशनंतर त्यातले तेल पत्र्यावर राहते आणि सीलंटला धरू देत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे पाणी घालून पातळ केलेले मिश्रण फडक्यावर घेऊन पत्रा पुसून घ्यावा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि मग दोन महिन्यांत सीलंट ‘उतरले’ म्हणून बोंब होते.

पाण्याचेही तसेच आहे. आमच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त. थेंब उन्हात वाळला की पांढरी टिकली मागे ठेवतो. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी गाडीला वापरणे अनेकांना काटकसरीचे वाटते, पण त्यात सगळे क्षार अधिक दाट होऊन आलेले असतात. शेवटच्या पाण्यासाठी आरओचे गोडे पाणी पाच-सहा लिटर घ्यावे आणि लगेच टिपून काढावे.

सीलंट लावण्याचे प्रत्यक्ष काम त्यामानाने सोपे आहे. सावली, थंड पत्रा, एका वेळी एकच भाग, आणि थर इतका पातळ की लावला आहे की नाही याची शंका यावी. जाड थर दिला तर संरक्षण वाढत नाही; जास्तीचे सगळे फडक्यात जाते आणि पुसताना जीव मेटाकुटीला येतो. त्या गाडीला आम्हाला 25-30 मिलीच लागले. धुरकट झाक आली की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. घरातली जुनी बनियन त्या कामाची नाही. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना हात लावू नये, तिथे पांढरे डाग बसतात. आम्ही सकाळी दहानंतर सुरुवात केली आणि रात्री गाडी शेडखालीच ठेवली, कारण ताज्या थरावर दव पडले की त्याचीही खूण राहते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी दिला आणि आठवडाभर गाडी धुतली नाही.

त्या ‘नऊ एच’बद्दलही सांगायला हवे. हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाचा आहे. त्या क्रमांकाच्या पेन्सिलने थरावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या रस्त्यावरची वाळू पेन्सिलच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असते. धुळीवर कोरडे फडके मारले, तर कोणताही थर वाचवणार नाही. लिंबाखाली उभ्या गाडीवर कावळ्याची विष्ठा पडली, तर सीलंट तुम्हाला थोडा जास्त वेळ देते, पण उन्हाळ्यात तीही दुपारपर्यंत ठेवू नये. तापून मऊ झालेला रंग संध्याकाळी आक्रसताना तिच्याभोवती कायमचा वळ उमटतो.

यंदा आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याने आखाजीलाच गाडी ठरवली आहे. कुंकू पत्र्याऐवजी काचेवर लावा आणि पॅकेज घ्यायचेच असेल तर ‘काम दिवाळीनंतर’ असे पावतीवर लिहून घ्या, असे मी त्यांना सांगितले. काउंटरवरचा मुलगा तयार झाला नाही, ऑफर डिलिव्हरीच्या दिवसापुरतीच आहे म्हणाला. शेजाऱ्यांनी पॅकेज रद्द केले आणि त्या पैशांत भर घालून अंगणात पत्र्याची शेड घालायला काढली आहे.